परवानगी कोण देतं

सोमवार, ता. २

किल्ल्या सापडेनात म्हणून आज उशीर झाला. अख्खं घर पालथं घातलं आणि त्या निघाल्या माझ्याच हातात, ज्या हातानं पिशवी धरली होती त्याच. धापा टाकत ऑफिसात पोचले तर सर माझ्या टेबलापाशी उभे, आणि टेबलावर एक काळं खोकं. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठं, समोर एक हिरवा दिवा. "हा आपला सर्व्हर," सर म्हणाले, "आणि आजपासून तो तुमच्या गळ्यात."

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि एक जिना. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं आवाजात उतरवतो. आमचे वाचक येतात, आतल्या शांत खोलीत बसून मोठ्यानं वाचतात, आणि इतकी वर्षं मी त्याच्या सीडी करून, पाकिटांवर पत्ते चिकटवून पोस्टात टाकत आले. आता ते बंद. वाचकांनी आपापल्या आवाजाच्या फाईली या खोक्यात ठेवायच्या आणि श्रोत्यांनी घरबसल्या फोनवरून त्या ऐकायच्या. कोणाला काय उघडता येईल, कोणाला काय ठेवता येईल, कोणाला पुसता येईल, हे ठरवायचं काम माझं. पत्ते चिकटवणाऱ्या बाईला एकदम दरवान करून टाकलं.

हे लिहितेय ते दुपारच्या सुट्टीत, शांत खोलीत बसून. इथल्या भिंतींना जाड गादी लावलेली आहे. दार ओढलं की रस्ता, जिना, सर, सगळं नाहीसं होतं. मग स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो, आणि थोड्या वेळानं तो नक्की आपलाच आहे ना अशी शंका येते. मला इथे हमखास पेंग येते.

घरी दादा आहे, माझा थोरला भाऊ. जन्मभर शहरातली बस चालवली, मग काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे नेले, आणि गेल्या वर्षी तो माझ्याकडे राहायला आला. मी दिवसभर बाहेर. तो खिडकीपाशी खुर्चीत. मागच्या महिन्यात चहाचं भांडं उतरवताना हात भाजून घेतला आणि मला ते संध्याकाळी कळलं. तेव्हापासून मी एका संस्थेच्या मागे लागले होते. दुसऱ्या गावी आहे, आंधळ्या माणसांना सांभाळतात, कामं शिकवतात. तिथे एक जागा रिकामी झाली आहे. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं. मी दादाला सगळं सांगितलं, तिथली बाग, वाटेच्या कडेनं धरायला बांधलेल्या दोऱ्या, सोबतीला माणसं. "तू म्हणशील तसं, ठके," म्हणाला. म्हणजे त्याची तयारी आहे.

मंगळवार, ता. ३

सर्व्हरवाला हा फक्त फोनवर असतो. तोंड कधी पाहिलं नाही, पण ते तोंड सतत काहीतरी कुरकुरीत खात असतं.

"दोन गट करा, ताई. एक वाचणाऱ्यांचा. त्यांना फक्त वाचनाची परवानगी द्या. लेखनाच्या चौकटीत खूण करू नका, म्हणजे ते बापडे काही बिघडवू शकणार नाहीत."

"आणि दुसरा गट?"

"त्यांना वाचन, लेखन, दोन्ही. पुसणं मात्र कोणालाच नको, ते तुमच्याकडे ठेवा."

मी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. 'वाचक' नावाचा गट, त्यांना वाचन. 'श्रोते' नावाचा गट, त्यांना दोन्ही. श्रोत्यांना लेखन कशाला, असं क्षणभर मनात आलं होतं, पण जाणता माणूस सांगतोय तर आपण शहाणपण कशाला पाजळा. सरांच्या म्हणण्यावरून सगळ्या श्रोत्यांचं नाव एकच ठेवलं, 'श्रोता', आणि पासवर्डही एकच. दिसत नसलेल्या माणसांना वेगवेगळे पासवर्ड देऊन छळायचं कशाला, असं त्यांचं मत.

आणखी एक गंमत कळली. वरच्या फोल्डरला जी परवानगी द्यावी ती आतल्या सगळ्या फोल्डरांना आपोआप मिळते. याला तो 'वारसा' म्हणतो. आम्हा भावंडांना वारशात आईचं नाक मिळालं, तेही दोघांना मिळून एवढं मोठं की बाकी काही मिळायला जागाच उरली नाही.

बुधवार, ता. ४

सकाळी खर्जवाले माझ्यावर बरसले. हे आमचे सगळ्यात जुने वाचक, आवाज विहिरीतून आल्यासारखा. काल अख्खं प्रकरण वाचलं, फाईल ठेवायला गेले तर पडद्यावर 'परवानगी नाही'.

"मी इथला वाचक आहे," ते म्हणाले. "वाचकालाच परवानगी नाही, तर मग आहे कोणाला?"

मी सर्व्हरवाल्याला फोन लावला. "वाचणाऱ्यांना फक्त वाचन द्या असं तुम्हीच म्हणालात ना?"

"हो. म्हणजे जे फाईल नुसती उघडतात त्यांना."

"ते तर ऐकतात."

"मशीनच्या भाषेत ते वाचतात, ताई."

"आणि आमचे वाचतात ते?"

"ते लिहितात."

पलीकडचं खाणं थांबलं. मग आम्ही दोघंही हसलो. मी लगेच वाचकांच्या लेखनाच्या चौकटीत खूण केली आणि खर्जवाल्यांना चहा पाजून गार केलं. एक गोष्ट सुधारली की मला जग सुधारल्यासारखं वाटतं. ऐकणारे वाचतात आणि वाचणारे लिहितात, हेच दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. येताना रस्त्यात धुकं होतं आणि समोरून येणारी माणसं आधी पावलांनी येत होती, मागून चेहऱ्यानं.

शनिवार, ता. ७

आज सुट्टी. दादाला त्याच्या फोनवर आमची पुस्तकं लावून दिली. त्याचा फोन बोलका आहे. पडद्यावर जिथे बोट ठेवावं ते बटण तो मोठ्यानं सांगतो. दादा दुपारभर बोट फिरवत होता आणि फोनमधली बाई त्याला एकेक बटणाचं नाव सांगत होती. पुस्तक मात्र एकही ऐकलं नाही.

चहा घेताना म्हणाला, "तुमच्या त्या खोक्यात ठेवलेलं किती दिवस टिकतं गं?"

"कायमचं."

"आणि फोन बिघडला तर?"

"फोनचा काय संबंध? सगळं खोक्यात असतं. जगाच्या पाठीवर कुठूनही ऐकता येतं."

"तिकडूनही?"

तिकडून म्हणजे संस्थेतून. "तिकडूनही," मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि कप बशीत अगदी बरोबर मधोमध ठेवला. मला किती बरं वाटलं. तिथे गेल्यावर काय करायचं याचा विचार त्याच्या मनात सुरू झालाय. माणसानं एकदा मनावर घेतलं की अर्धं काम झालं.

एक गोष्ट इथेच लिहून टाकते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. तो गेल्यावर घर मोकळं होईल, जिना चढताना आज काय झालं असेल ही धास्ती नसेल, हे मनात आलं की हलकं वाटतं. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटते.

मंगळवार, ता. १०

'नवीन पुस्तकं' या फोल्डरमध्ये मी न ठेवलेली एक फाईल सापडली. नाव 'नवीन रेकॉर्डिंग'. लेखक नाही, वाचक नाही. कोणा वाचकाची तालीम असेल म्हणून शांत खोलीत जाऊन लावली.

त्यात शब्दच नाहीत. नळाखाली भांडं भरतंय. आधी पोकळ आवाज, मग भरत भरत वर चढणारा, मग नळ बंद. त्यानंतरही दोन थेंब बऱ्याच वेळानं पडतात, जणू नळाला काहीतरी आठवतं. मग लांबून कोणीतरी जाजम झटकतं. मग काहीच नाही, नुसती दुपार.

मी शेवटपर्यंत ऐकलं. काम पडलं होतं तरी उठवेना. सगळ्या वाचकांना विचारलं, कोणीच कबूल होत नाही.

शुक्रवार, ता. १३

आणखी फाईली आल्या आहेत. सगळ्या त्याच घरातल्या. मी जेवणाच्या सुट्टीत दार ओढून घेते आणि तिथे जाते. लिहिताना 'ऐकते' लिहायला हवं होतं, पण हात 'जाते'च लिहितो.

घरात एक बाई आहे. ती बहुतेक भिंतीपलीकडे असते, त्यामुळे आवाज चिरका आणि अर्धामुर्धा येतो. सारखी स्वतःशी बोलत असते. कपाटाशी बोलते, दुधाशी बोलते, हरवलेल्या कशाला तरी शिव्या घालते. एक खण आहे, तो ओढला की येत नाही, मग त्याला खालून धक्का द्यावा लागतो आणि मग एकदम सगळं खळ्ळकन पुढे येतं. बाई तेव्हा दर वेळी "मेल्या" म्हणते. एका फाईलमध्ये ती खुर्चीत झोपली आहे आणि बारीक घोरते आहे. बिचारीला माहीतही नसेल. मला फार हसू आलं.

आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली. जिन्यावर पावलं येतात, एक चप्पल फटफट वाजते. दाराशी किल्ल्यांची खुडबूड. त्याच्याही आधी, पावलं अजून खालच्या मजल्यावर असतानाच, अगदी जवळ एक खुर्ची करकरते. म्हणजे जो कोणी हे टिपतोय तो सरसावून बसतो. कोणीतरी येणार म्हणून ताठ बसतो.

खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटला. तिला कोणीतरी इतकं मन लावून ऐकतंय, आणि ती आपली खणाला शिव्या देतेय. आपलं येणं असं कोणी कधी ऐकलं असेल का? डोळे मिटले तेव्हा त्याच घरात राहायला गेल्याचं अर्धवट स्वप्न पडलं. खिडकीत ऊन होतं आणि माझ्या नावाचा कप होता. सरांनी दार ठोठावलं तेव्हा जाग आली.

सोमवार, ता. १६

आमच्या एक आजी आहेत, जन्मापासून न दिसणाऱ्या. ऑफिसात सगळे त्यांना फोनवाल्या आजी म्हणतात, कारण कुठलंही पुस्तक संपलं की त्यांचा फोन येतोच. आजही आला.

"ते घराचं पुस्तक, पुढचा भाग कधी?"

"कुठलं घराचं पुस्तक, आजी?"

"अगं ते, ज्यात कोणी बोलत नाही आणि तरी सगळं कळतं. मी रोज ऐकते. परवा ती बाई उशिरा आली तर माझा जीव टांगणीला. त्या खुर्चीतल्याचाही लागला असणार. कोण गं तो तिचा?"

"मला काय माहीत, आजी. मला वाटतं नवरा असेल."

"छे. नवरा असता तर एवढं गप्प बसून ऐकलं नसतं."

आणखी दोघाचौघांनी असंच विचारलं म्हणे. आजीच त्यांना सांगत सुटल्या आहेत.

बुधवार, ता. १८

सरांच्या कानावर गेलंच. त्यांचा चेहरा पडला. प्रकाशक आम्हाला पुस्तकं देतात ती एका अटीवर, की खोक्यात काय जातं आणि काय बाहेर येतं यावर आमचं लक्ष असेल. "आज नळाचा आवाज ठेवला, उद्या कोणी शिव्या भरून ठेवल्या तर?" ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही.

सर्व्हरवाल्याला फोन. त्यानं माझ्याकडून एकेक चौकट वाचून घेतली आणि मग बराच वेळ काही चावलं नाही.

"ताई, वाचकांना लेखन दिलंत ते बरोबर. पण श्रोत्यांचं काढलं कुठे?"

मी पडद्याकडे पाहिलं. ३ तारखेची खूण तशीच, श्रोत्यांच्या लेखनाच्या चौकटीत. इतके दिवस कोणीही श्रोता खुशाल काहीही ठेवू शकत होता. मी एक दार दुरुस्त केलं आणि दुसरं सताड उघडं टाकून घरी गेले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कोण ठेवतंय ते कळेल का?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांचं नाव 'श्रोता' असल्यावर कसं कळणार?" तो म्हणाला. "फाईल जिथून येते तिथले आकडे दिसतायत, त्यावरून माणूस याच शहरातला आहे. ताईंच्या घराच्या बाजूचाच भाग वाटतोय."

म्हणजे माझ्या शेजारीपाजारी कुठेतरी ते घर आहे. परत येताना मी प्रत्येक खिडकीखाली जरा रेंगाळले. कुठल्याच घरातून तो खण ऐकू आला नाही.

गुरुवार, ता. १९

श्रोत्यांचं लेखन काढलं. सरांनी पासवर्डही बदलायला लावला. फाईली पुसून टाका असं म्हणाले. मी 'हो' म्हटलं आणि त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या, जो फक्त मला दिसतो. पुसायच्या आहेत. उद्या पुसेन.

घरी आले, दादाला नवा पासवर्ड घालून दिला आणि आवराआवरीला लागले. थोड्या वेळानं त्याच्या खोलीतून फोनमधल्या बाईचा सपाट आवाज यायला लागला. "परवानगी नाही." मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा, "परवानगी नाही." बोट भलतीकडे पडत असणार. मी आतून ओरडून सांगितलं की खालचं बटण दाब. त्यानं ऐकलं नाही बहुतेक.

जेवायला बसल्यावर म्हणाला, "ठके, ही परवानगी कोण देतं?"

"मीच देते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, जरा ऐटीतच म्हटलं. "आणि मीच काढते."

"मग बरंय," दादा म्हणाला.

त्यानंतर त्यानं फक्त पाणी मागितलं. अर्धं पान तसंच टाकलं.

रविवार, ता. २२

दादासाठी नवी बॅग आणली. संस्थेतल्या बाईंनी सांगितलं आहे की एका माणसाला एकच बॅग, जागा लहान आहे. दादानं तिच्यावर हात फिरवला, कप्पे उघडून आत हात घालून पाहिला, चेन ओढून पाहिली.

"एवढीच?"

"तुझे कपडे आरामात मावतील."

"हो, कपडे मावतील," तो म्हणाला.

गेले काही दिवस तो फोन हातातही घेत नाही. सकाळी पाहावं तर भिंतीला हात लावून उभा, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून दारापर्यंत, पुन्हा मागे. मी विचारलं, तर म्हणे पाय मोकळे करतोय. निघायच्या आधी माणसाला असं होतंच. मलाही काल उगीच रडू आलं, भाजी चिरताना, आणि कांदा तर त्यात नव्हता.

फाईली अजून पुसलेल्या नाहीत. ऐकतही नाही. त्या घराला कुलूप लागल्यासारखं झालंय आणि किल्ली माझ्यापाशी असून मला आत जाववत नाही.

शनिवार, ता. २८

आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या वाटेल की हे घडलंच नाही.

सकाळी फोनवाल्या आजींचा घरी फोन आला. पासवर्ड बदलल्यापासून त्यांना आत जाता येईना, म्हणून मीच त्यांना घरचा नंबर देऊन ठेवला होता. मी स्वयंपाकघरात उभी होते. "थांबा, आजी, पेन घेते," म्हटलं आणि खण ओढला. आला नाही. खालून धक्का दिला, तो खळ्ळकन पुढे आला, आणि माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं.

पेन घेऊन फोन पुन्हा कानाला लावला.

"आजी, आहात ना?"

"तो खण पुन्हा उघड बघू."

मी हसत पुन्हा उघडला.

"अगं," आजी म्हणाल्या, "तू तर त्या घरात आहेस."

मी खणाकडे पाहत राहिले. दहा वर्षं तो खण मी असाच उघडतेय. नळाकडे पाहिलं. बंद होता. बऱ्याच वेळानं त्यातून एक थेंब पडला. "आजी, मी नंतर करते," एवढं कसंबसं म्हटलं आणि फोन ठेवला.

इतके दिवस मी ते घर डोळे मिटून ऐकलं आणि मला कळलं नाही. माझाच जिना, माझीच चप्पल, माझीच बडबड. घोरणारी बाईसुद्धा मीच. आधी संताप आला. शहरभरच्या श्रोत्यांनी मला घोरताना ऐकलं. तशीच तणतणत दादाच्या खोलीत गेले.

तो खिडकीपाशी खुर्चीत होता. मी दारात पोचायच्या आतच ती खुर्ची करकरली, आणि माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे.

"दादा, ते तू करत होतास?"

त्यानं ते काय म्हणून विचारलं नाही. "बटण होतं," म्हणाला. "फोनमधली बाई म्हणाली, 'फाईल ठेवा'. ठेवून पाहिली तर राहिली. मला वाटलं तुमच्या खोक्यात माझ्यासाठी एक कप्पा आहे. मग एके दिवशी म्हणाली परवानगी नाही. तू म्हणालीस तूच काढतेस. म्हटलं, बहिणीला नको असेल."

"अरे, पण कशासाठी ठेवत होतास?"

"सामान बांधत होतो," दादा म्हणाला.

मला लगेच कळलं नाही. तो सावकाश सांगत होता, पूर्वी बसमधल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कुठे उतरायचं ते सांगायचा तसं. "तिकडे जायचं तर जावं लागणार. बॅगेत कपडे जातील. पण मला हे घर दिसतं ते आवाजानं, ठके. नळ कुठे आहे ते थेंबावरून कळतं. तू आलीस ते खालच्या मजल्यापासून कळतं. तिकडे पहिल्या दिवशी मला सगळीकडे अंधार असणार. म्हटलं, थोडं घर सोबत असू दे. तूच म्हणालीस, तिकडूनही ऐकता येतं."

मी जमिनीवर बसले. त्याच्या गुडघ्याला डोकं लावून लहान पोरीसारखी रडले.

"मग जायचं नाही असं म्हणाला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस, तिथे बाग आहे."

"तूच म्हणालास, तू म्हणशील तसं."

"मग? तू कधी म्हणालीसच नाहीस."

त्याचं खरं होतं. मी सगळं सांगितलं होतं, बाग, दोऱ्या, जागा, बॅग. जा असंही म्हणाले नव्हते आणि राहा असंही नाही. म्हणून आज म्हणाले. मला एकटीला हे झेपेल की नाही माहीत नाही, दादा, तुझा हात पुन्हा भाजला तर मी काय करू ते माहीत नाही, आणि तू जाणार म्हणून मला हलकंही वाटत होतं. पण तू राहा. मला तू इथे हवा आहेस.

मग त्याचा हात माझ्या डोक्यावर आला, आधी जरा चुकून कानावर आणि मग बरोबर जागी.

"मला कामं शिकायचीत मात्र," म्हणाला. "चहा करायला शिकव. सारखं 'तू बस' म्हणू नकोस."

दुपारी आम्ही चहा केला. म्हणजे त्यानं केला, मी भिंतीला टेकून जीव मुठीत धरून उभी राहिले आणि तोंड मिटून धरलं. थोडा सांडला.

सोमवार, ता. ३०

सकाळी सरांना सगळं सांगितलं, माझ्या घोरण्यासकट. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले की नियमात काय बसतं ते बघा. मी दादाच्या नावानं वेगळं खातं उघडलं. पासवर्ड त्याचा त्यानं ठरवला, मलाही सांगितला नाही. त्याचं फोल्डर वेगळं, त्यात वाचन, लेखन आणि पुसणंही त्याचंच. लोकांना ऐकू द्यायचं की नाही ते तो ठरवणार. काल त्याला विचारलं होतं, तर आजी ऐकतात हे कळल्यावर लाजला, आणि मग आवाज चांगला येतो का म्हणून मलाच उलट विचारलं. जुन्या फाईली मी माझ्या फोल्डरमधून काढून त्याच्यात ठेवल्या.

हे सगळं सोपं जाणार नाही, हे मला कळतं. शेजारच्या शिंपीणबाई दुपारी एकदा डोकावून जाईन म्हणाल्या आहेत. संस्थेची एक शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येऊन शिकवते असंही कळलं. हे मी आधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले आणि चप्पल काढतेय तोच संस्थेतल्या बाईंचा फोन आला. शेवटचा दिवस, उत्तर हवं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादानं हात पुढे केला. मी फोन त्याच्या हातात दिला.

"नमस्कार," तो म्हणाला. "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, बाई. माझं सामान फार झालंय."

त्यांनी काय सामान आहे म्हणून विचारलं असावं. दादानं माझ्या बाजूला तोंड वळवलं.

"बहीण आहे माझी," म्हणाला. "ती तिकडे मावायची नाही."

एवढं बोलून त्यानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडे त्या बाई गोंधळल्या होत्या. "म्हणजे तुमचं हो समजू की नाही?" त्यांनी विचारलं. दादा माझ्याकडे कान लावून बसला होता.

"नाही," मी म्हणाले. "तो येणार नाही."